डाव संपवा

बेडूक तीन मोहरांना.
हा आकडा केदानं ठेवला, मी नाही,
पण तेव्हा मीही काही बोललो नव्हतो.
सेकंड शिफ्टला रिले तपासून तपासून
बोटं बधिर झाली की
रात्री सातपूरच्या त्याच्या खोलीवर
आम्ही जग बसवायला घ्यायचो:
नऊ टेकड्या, मधून नदी,
दर पाचव्या डावाला पूर,
आणि पुराची खूण म्हणून काठावर
दोन तोंडांचा दगडी मारुती.
पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की पायदळ थांबतं,
छातीला लागलं की पूल जातो.
नाशिककराला हे समजावून सांगावं लागत नाही.

यक्षांचे बाण फार लांब जात होते. पल्ला कमी केला.
मग वेताळ सुटले.
वेताळाचा जीव विसावरून चौदावर आणला
तर त्यांना कोणी विकत घेईना.
मग सोळा.
इकडे रफू केलं की तिकडे उसवायचं.
केदा म्हणायचा, रिलेचं बरं असतं रे,
ठरल्या अँपिअरला ट्रिप झाला तर पास,
नाही तर भंगार.

शिवाय जो आधी खेळेल तोच जिंकायचा,
शंभरातले एकसष्ट.
म्हणून दुसऱ्याला दोन मोहरा वाढवून दिल्या, दहाच्या बारा.
आता दुसरा जिंकायला लागला,
शंभरातले एकसष्ट.
त्या रात्री एबीबी सर्कलपर्यंत चालत गेलो,
कटिंग घेतला, चालत परत आलो.
दहात तीन बेडूक येतात आणि बारात चार,
एवढा पाढा दोघांपैकी एकालाही आठवला नाही.

आठवला तो दुर्वाला.
केदाची भाची, देवळ्याहून अकरावीला आलेली;
हॉस्टेलला नंबर लागेपर्यंत
कॉटच्या पलीकडे, पडद्याआड तिचा मुक्काम.
सलग अकरा वेळा जिंकली.
कशी, विचारलं तर म्हणे,
"मी काहीच करत नाही.
बेडूक घेते, दलदलीत बसवते
आणि 'डाव संपवा' दाबत राहते.
तुमचा संगणक येतो, रुततो, मरतो.
तेवढ्यात माझं जर्नलही लिहून होतं."

बेडकी फुगून बैल होत नाही म्हणतात.
आमच्याकडे चौदाव्या डावाला होते.

मी तिथल्या तिथे फाईल उघडली.
बेडूक, पाच मोहरा. दलदलीतला बचाव, निम्मा.
ती मागे उभी.
"पहिल्या डावाला हातात दहाच असतात ना?
घोडा पंधराला, वेताळ अठराला.
दहात दुसरं येतं काय?
थांबा म्हणता,
आणि थांबायची जागाच महाग करता."
खेळाबद्दलच बोलत होती, बहुतेक.
केदानं उगाचच पंख्याचं बटण बंद करून चालू केलं.

आणि एक पंखांचा नाग आहे. किंमत नऊशे.
तीन आठवडे मी त्याचे खवले काढत होतो,
एकेक वेगळा, हिरव्यात जरासा तांब्याचा रंग.
आजवर तो कुणी पाहिलेला नाही.
त्याच्यापुरत्या मोहरा साठायला चाळीस डाव लागतात,
निकाल पंधराव्यालाच लागलेला असतो.

काल केदा घोरत होता.
दोन्ही बाजू मीच घेतल्या.
ठरवलं, कुणी कुणाला मारायचं नाही.
डाव संपवा. डाव संपवा.
पूर आला, ओसरला, आठ वेळा.
पूल गेला, बांधला, गेला.
दलदलीत माझे बेडूक, समोर माझेच बेडूक,
एकमेकांकडे बघत फुगलेले.
एक्केचाळिसाव्याला तो निघाला.
माझ्या जुन्या मशीनवर
पंख उघडायलाच अकरा सेकंद घेतली त्यानं.
मारुतीच्या दोन्ही तोंडांवरून सावली गेली,
तिसऱ्या टेकडीवर तो उतरला,
आणि खाली ओळ आली: लक्ष्य नाही.

बराच वेळ तसाच ठेवला त्याला.
मग वहीत लिहिलं, बेडूक चार.
तोंडातल्या तोंडात म्हणालो असेन,
कारण पडद्यामागून आवाज आला,
"दहात दोनच येतील."